एकच कापड, वेगवेगळे नियम: नैसर्गिक निवड हाताने करून पाहताना ठेवलेल्या नोंदी

2 डिसेंबर 2024

28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. इचलकरंजीतल्या आमच्या शाळेत त्या दिवशी प्रदर्शन असतं आणि यंदा उत्क्रांतीचं टेबल माझ्याकडे आलंय. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिल्याच धड्यात लॅमार्क आणि डार्विन दोघंही आहेत. मुलं दोन्ही सिद्धांत पाठ करतात, पेपरात व्यवस्थित लिहितात. पण धडा संपून महिना झाला की सहज विचारून बघा, जिराफाची मान लांब कशी झाली? "उंचावरचा पाला खायला मान ताणली म्हणून," असं उत्तर येतं आणि त्याला नाव लागतं डार्विनचं. खरं तर हे वळण लॅमार्कचं. डार्विनचं म्हणणं नैसर्गिक निवडीचं: फरक आधीच असतात, ज्यांना ते उपयोगी पडतात ते टिकतात आणि तोच फरक पिल्लांना देतात.

तक्ते लावून हा घोळ निघत नाही. म्हणून ठरवलंय की सिद्धांत नुसते लिहायचे नाहीत, ते चालवून बघायचे. कापडावर भक्ष्य पसरायचं, मुलांनी पक्षी होऊन ते टिपायचं. भक्ष्य तेच, कापड तेच, पक्षी म्हणून मुलंही तीच. बदलायचा तो फक्त नियम: पुढच्या पिढीला काय मिळतं आणि कसं मिळतं. एका नियमाने पिढ्या चालवायच्या, मोजायच्या, मग दुसऱ्या नियमाने. शाळेने खर्चाला हजार रुपये दिलेत. दुसऱ्या शाळेत कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून जे फसलं तेही लिहून ठेवणार आहे.

7 डिसेंबर

कडधान्यं बाद. मसूर, मूग, चवळी, राजमा आणि काबुली चणे कापडावर पसरले, मुलांना पक्षी केलं आणि दहा सेकंदांत दिसेल ते उचला म्हणून सांगितलं. राजमा आणि चणे आधी संपले. रंगाचा काही संबंध नव्हता. ते दाणे मोठे, हाताला लागतात आणि कापडाला जरा उतार मिळाला की घरंगळत मुलांकडेच येतात. मसूर वाचला तो बारीक आणि चपटा म्हणून. हीसुद्धा निवडच आहे, पण आकाराची. आपल्याला रंगाची हवी असेल तर भक्ष्य एकाच मापाचं, एकाच वजनाचं हवं.

खर्च: कडधान्यं घरचीच होती, परत डब्यात गेली.

11 डिसेंबर

आजचं फसणं सविस्तर लिहिते, कारण पुढे हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

घोटीव कागद आणला, पाच रंगांचा. क्राफ्ट पंचने (180 रुपये) गोल टिकल्या पाडल्या. कापड हिरव्या-काळ्या छपाईचं, कटपीसच्या दुकानातून मीटरभर, 90 रुपये. पिढ्या चालवल्या (वाचलेल्या टिकल्यांच्या रंगाच्याच नव्या टिकल्या म्हणजे त्यांची पिल्लं), तर रंगांचं प्रमाण जागचं हलेना. एका पिढीत हिरव्या वाढत, पुढच्या पिढीत पुन्हा कमी होत. मुलांचा उत्साह गेला.

एका मुलीने वाचलेल्या टिकल्या नीट बघितल्या आणि म्हणाली, "बाई, ह्या सगळ्या उलट्या पडल्यात की नाही ते बघायला पाहिजे." घोटीव कागद मागून पांढरा असतो. पसरताना निम्म्या टिकल्या पालथ्या पडत होत्या. पालथी पडली की रंग कुठलाही असो, ती पांढरीच दिसायची आणि उचलली जायची. म्हणजे मुलं टिपत होती ते रंग नव्हे, कोण पालथी पडलीय ते. सुलटी पडून वाचलेली टिकली आपल्या पिल्लांना रंग देते, सुलटं पडणं देत नाही. पिल्लं पसरली की पुन्हा निम्मी पालथी.

यात नैसर्गिक निवडीची एक अट उघडी पडली. पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते. नुसता फरक असून भागत नाही, काहीजण वाचून काहीजण मरूनही भागत नाही. ज्या फरकामुळे वाचले तो फरक पुढच्या पिढीत उतरला पाहिजे. नाहीतर कितीही पिढ्या मारा, लोकसंख्या आहे तिथेच राहते. हा कागद फेकून दिलेला नाही. प्रदर्शनात त्याचं वेगळं टेबल असेल.

17 डिसेंबर

आता जमलं. रंग सोडून दिले. झेरॉक्सच्या दुकानातून जाड कार्डशीटवर राखाडीच्या सात छटा छापून घेतल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. 1 म्हणजे जवळजवळ पांढरी, 7 म्हणजे काळी. दोन्ही बाजूंच्या छपाईचे 140 रुपये गेले, पण ही काटकसर करायची जागा नाही. पहिल्यांदा चकचकीत कागदावर छापलं होतं. ट्यूबलाइटखाली काळी टिकलीसुद्धा चमकून दिसत होती. कागद बिनचकाकीचाच घ्या. पंखा बंद ठेवा.

सात छटा ठेवायला मसाल्याचा डबा. त्यात सात वाट्या असतातच.

आकडे: प्रत्येक छटेच्या 12, म्हणजे एकूण 84 टिकल्या. पक्ष्यांनी 56 खायच्या, 28 उरल्या की थांबायचं. उरलेल्या प्रत्येकीची आणखी दोन, अगदी तिच्यासारखीच. पुन्हा 84. हा आकडा मुद्दाम घेतलाय: सातने भाग जातो, तिसरा हिस्सा 28 येतो आणि 28 च्या पुढे 14 जोड्या लागतात. जोड्यांचं काम नंतर आहे.

काळपट ठिपक्यांच्या कापडावर तीन पिढ्यांत 1 आणि 2 छटा संपल्या आणि 5, 6, 7 नी कापड व्यापलं. पहिल्यांदाच मुलांना आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी घडलं असं वाटलं.

वेळ खाल्ला तो मोजणीने. सुरुवातीला सगळ्या 84 मोजत होतो, एका पिढीला वीस मिनिटं. आता फक्त 28 वाचलेल्या मोजतो आणि पिल्लं वाट्यांतून काढतो. सात-आठ मिनिटांत पिढी होते.

19 डिसेंबर

काम जमलं तरी अर्थ उलटाच निघाला. आज फळ्यावर निरीक्षण लिहायला सांगितलं, तर चार गटांपैकी तिघांनी लिहिलं: "टिकल्यांनी आपला रंग गडद केला." डोळ्यांसमोर एकाही टिकलीचा रंग बदललेला नाही, तरी.

उपाय असा केला. पहिल्या पिढीच्या 84 टिकल्यांच्या मागे पेन्सिलीने बारीक खूण केली. दर पिढीला वाचलेल्यांपैकी एकेक खुणेची टिकली तक्त्यावर चिकटवायची. चौथ्या पिढीतही 6 नंबरची खुणेची टिकली 6 च असते. बदललं ते वाट्यांमधलं प्रमाण. मुलांना विचारायचा प्रश्नही बदलला. "टिकली कशी बदलली?" असं विचारतच नाही. "कोणत्या वाटीतल्या कमी झाल्या, कोणत्या वाढल्या?" असं विचारते. प्रश्नातच उत्तराची दिशा असते, हे शिकवताना फार जपावं लागतं.

26 डिसेंबर

लॅमार्कच्या टेबलाला हात घातला आणि अडले.

मी नियम असा ठेवला होता: कापड काळपट, म्हणून दर पिढीला प्रत्येक टिकली एक छटा गडद होणार, कुणी मरणार नाही. चालतं छान. पण हे लॅमार्कचं म्हणणं नाही. 1809 च्या ग्रंथात त्याने स्पष्ट म्हटलंय की परिसर प्राण्याच्या शरीरात थेट बदल घडवत नाही. परिसर बदलला की गरजा बदलतात, गरजांमुळे सवयी बदलतात, सवयीने एखादा अवयव जास्त वापरला जातो किंवा पडून राहतो, आणि त्या वापराने झालेला बदल संततीत उतरतो. टिकलीने रंगाचा "वापर" काय करायचा? परिसर रंगावर थेट परिणाम करतो, हा विचार वेगळ्या लोकांचा. इंग्लंडमध्ये 1920 च्या दशकात हेस्लॉप-हॅरिसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने असा दावा केला होता की शिसं आणि मँगनीजचे क्षार असलेलं खाद्य दिल्यावर पतंग काळे निपजतात आणि तो काळेपणा पुढे उतरतो. तो दावा टिकला नाही.

म्हणून टेबल दोन केली. टिकल्यांच्या टेबलाला नाव "परिसराचा थेट परिणाम". लॅमार्कसाठी त्याचंच उदाहरण घेतलं: पाणथळीतला पक्षी. अंग ओलं होऊ नये म्हणून पाय ताणतो, पाय लांबतात, पिल्लं लांब पायांची. उदबत्तीच्या उरलेल्या काड्या कापून पाय केले, थर्माकोलचा पक्षी. दर पिढीला सगळ्यांचे पाय अर्धा सेंटीमीटर लांब.

माणूस दोनशे वर्षांपूर्वीचा आहे आणि बऱ्याच पुस्तकांत त्याच्या तोंडी त्याचं नसलेलं घातलेलं असतं. त्याचा आणखी एक मोठा भाग धड्यात कधी येतच नाही: सजीवांमध्ये मुळातच गुंतागुंतीकडे जाण्याची ओढ आहे, साधे जीव सतत निर्जीवातून नव्याने उपजत असतात आणि प्रत्येक जण त्याच शिडीने वर चढत असतो, असं तो मानत होता. सवयीमुळे होणारे बदल हे त्या चढणीला फुटलेले फाटे.

3 जानेवारी 2025

लॅमार्कचं टेबल मुलांना सगळ्यात आवडलं. साहजिक आहे. कुणी मरत नाही, मोजायचं नाही, दर पिढीला सगळे सुधारतात, आणि पहिल्या पिढीत सगळे पाय सारखे असले तरी चालतं. शेवटचा मुद्दा मी मोठ्या अक्षरात लिहून लावला. डार्विनच्या टेबलावर आधी फरक लागतो. सगळ्या टिकल्या 2 नंबरच्या घेतल्या तर शंभर पिढ्या मारूनही 2 च राहतात. एका नियमात गरज आधी येते आणि तिला उत्तर म्हणून बदल होतो. दुसऱ्यात बदल आधीच पडलेले असतात, गरज फक्त त्यातून चाळते.

मग हा नियम का चालत नाही? मुलांना विचारलं, तुमच्या आजीचे कान टोचलेत? आईचे? तुमचे? पिढ्यान् पिढ्या टोचतात, तरी बारशाच्या बाळाचे कान बिनभोकाचेच. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाइसमानने 1880 च्या दशकात उंदरांच्या शेपट्या पाच पिढ्या कापल्या. 901 पिल्लं जन्मली आणि एकही बिनशेपटीचं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी आणि मी ती पाटीवर लिहिली आहे. शेपूट कापणं म्हणजे वापर किंवा न वापर नव्हे, त्यामुळे लॅमार्कला नेमकं उत्तर त्यातून मिळत नाही. वाइसमानचा खरा मुद्दा खोल होता: प्रजननपेशींची वाट शरीरापासून वेगळी असते. हाताच्या स्नायूला काय झालं हे बीजाला कळवणारा रस्ता नाही. डार्विनला मात्र तसा रस्ता हवाच होता. वापर आणि न वापर तोही मानायचा. 1868 मध्ये त्याने कल्पना मांडली की शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण सुटतात आणि प्रजननेंद्रियांत जमतात. त्याच्या आतेभावासारख्या नात्यातल्या गॅल्टनने (दोघांचे आजोबा एकच, इरॅस्मस डार्विन) सशांमध्ये दुसऱ्या रंगाच्या सशांचं रक्त घालून पिल्लांचा रंग बदलतो का ते पाहिलं. बदलला नाही. लॅमार्क चूक आणि डार्विन बरोबर अशी सरळ वाटणी मुलांपुढे ठेवणं बरोबर नाही.

9 जानेवारी

जिराफाचं निघालंच आहे तर नोंदवून ठेवते. शाळेच्या पुस्तकांत जिराफाची दोन चित्रं शेजारीशेजारी असतात, एक लॅमार्कच्या नावाचं, एक डार्विनच्या. पण 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या 1859 च्या पहिल्या आवृत्तीत डार्विनने जिराफाच्या शेपटीबद्दल लिहिलं होतं, मानेची चर्चा 1872 च्या सहाव्या आवृत्तीत आली. मानेवरून लॅमार्कशी थेट सामना केला तो वॉलेसने, नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनपासून स्वतंत्रपणे सुचलेल्या निसर्गअभ्यासकाने. 1 जुलै 1858 रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विनच्या मजकुराबरोबर त्याचा जो निबंध वाचला गेला, त्यात तो म्हणतो की जिराफाने पाला गाठायची इच्छा धरून मान ताणली नाही. ज्यांची मान मुळात लांब होती त्यांना टंचाईत जास्त चारा मिळाला आणि ते टिकले. ही पाटी वॉलेसच्या नावाने लावली.

रॉबर्ट चेंबर्सचं उत्क्रांतीवरचं, 1844 मध्ये निनावी प्रसिद्ध झालेलं पुस्तकही टेबलावर आणावं असं मनात होतं. विकासाचा एक नियम आहे असं त्यात सांगितलंय, पण तो नियम टिकल्यांना लावायचा कसा हे सापडेना. सोडून दिलं.

16 जानेवारी

संक्रांतीची सुट्टी संपल्यावर जोड्यांचं काम घेतलं. आतापर्यंत टिकली एकटीच पिल्लं घालत होती. खऱ्या प्राण्यांना आई-बाप दोन असतात. मग पिल्लाची छटा कोणती?

डार्विनच्या काळात सर्वसाधारण समज असा की दोघांचं मिश्रण. तोच नियम घेतला: दोन पालकांची सरासरी. 2 आणि 6 ची पिल्लं 4. सरासरी साडेचार आली तर नाणं उडवून 4 किंवा 5. वाचलेल्या 28 च्या चिठ्ठ्या टाकून 14 जोड्या, प्रत्येकीची 6 पिल्लं, पुन्हा 84.

सुरुवात अशी: 80 टिकल्या 2 नंबरच्या, 4 टिकल्या 7 नंबरच्या. कापड पूर्ण काळं. अपेक्षा अशी की काळ्यांचं राज्य येईल.

चारही काळ्या वाचल्या. पण त्यांच्या जोड्या लागल्या 2 शी, कारण आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतंच. पुढच्या पिढीत 7 नंबरची एकही टिकली नाही, सगळ्या 4 आणि 5. पक्ष्यांनी 2 खाऊन टाकल्या. त्याच्या पुढच्या पिढ्यांत कापडावर सगळ्या 4-5 आणि तिथेच गाडी थांबली. मुलं पुढे चालवत राहिली, काहीच होईना. पहिली काळी टिकली एकच ठेवून पाहिलं तर 3-4 वरच अडकली.

"बाई, आता खायचं कुणाला? सगळ्या सारख्याच दिसतात." नेमकं हेच. निवड करायला फरकच उरला नाही. मिश्रणाने दर पिढीला फरकाचा पसारा निम्मा होत जातो. स्कॉटलंडच्या फ्लेमिंग जेन्किन नावाच्या अभियंत्याने 1867 मध्ये डार्विनवर हाच आक्षेप घेतला होता: एखाद्याच्या अंगी चांगला बदल आला तरी सामान्यांशी संकर होत होत तो विरघळून जाईल. डार्विनला हा आक्षेप जड गेला. नववीच्या मुलांनी टिकल्या मोजून तो स्वतःच शोधला, याचा मला फार आनंद झाला.

याच्यासोबत दोन वाट्या पोस्टर कलर ठेवायचे ठरवलंय, काळा आणि पांढरा. चमच्याने मिसळा. राखाडीतून काळा परत काढून दाखवा.

24 जानेवारी

मण्यांचं टेबल. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

मेंडेलचा नियम: गुण मिसळत नाहीत, कणांनी उतरतात आणि कण अखंड राहतात. वाटाण्याच्या त्याच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले दाणे आले. सुरकुतलेपण मधल्या पिढीत दिसत नव्हतं, तरी ते जसंच्या तसं परत आलं. हे 1866 मध्ये छापून आलं आणि 1900 पर्यंत कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

प्रत्येक टिकलीला दोन मणी. काळा मणी वरचढ: एक जरी काळा असला तरी टिकली काळी. मिरीसारख्या ठिपक्यांच्या त्या प्रसिद्ध इंग्लिश पतंगात काळेपणा असाच वरचढ असतो, म्हणून हा नियम घेतला. आधी प्रत्येक टिकली दोन मण्यांसह सराफाच्या छोट्या प्लास्टिक पाऊचमध्ये घातली. पाऊच चमकतो, पक्ष्यांना लांबून दिसतो, आणि 84 पाऊच उघडबंद करण्यात तास जातो. पूर्ण दुपार वाया गेली.

सुधारणा: मणी कापडावर आणायचेच नाहीत. टिकलीच्या मागे पेन्सिलीने बारीक "कक", "कप" किंवा "पप" लिहायचं. वाचलेल्या 28 टिकल्यांचे मणी पिशवीत टाकायचे, प्रत्येक मणी तीनदा. 28 × 2 × 3 = 168. पिशवी हलवायची आणि न बघता दोन-दोन काढायचे. 84 जोड्या निघतात, त्याच पुढच्या पिढीच्या टिकल्या. काळे मणी मंगळसूत्र गाठवणाऱ्याच्या दुकानातून, पांढरे तिथलेच, दोन्ही मिळून 110 रुपये. माप एकच घ्या. आमचे पांढरे किंचित मोठे निघाले आणि हाताला कळायचे, बदलून आणावे लागले.

28 जानेवारी

मण्यांचं टेबल चाललं. सुरुवात पुन्हा तीच: 80 पांढऱ्या, 4 काळ्या (सगळ्या कप), काळं कापड.

काळ्या: 4, मग 10, मग 27, मग 63.

परवाच्या मिश्रणाच्या टेबलावर याच सुरुवातीतून काळा रंग पहिल्याच पिढीत गायब झाला होता. पक्षी तेच, कापड तेच, भूकही तीच. अनुवंशाचा नियम तेवढा बदलला.

शेवटच्या पिढीचे पालक बघा: 28 पैकी फक्त 2 पांढरे होते. पिल्लांत 21 पांढरी निघाली. काळ्या टिकल्यांच्या आत पांढरे मणी लपून बसले होते. मुलं थक्क झाली. मग कापड बदललं, फिकट घातलं. दोन-तीन पिढ्यांत पांढऱ्या पुन्हा पसरल्या.

पतंगाचं असंच झालं. मँचेस्टरमध्ये 1848 साली काळ्या पतंगाची पहिली नोंद झाली आणि 1895 च्या सुमारास तिथले 98 टक्के पतंग काळे होते. कारखान्यांच्या काजळीने झाडं काळवंडली होती; हवा स्वच्छ झाल्यावर काळे पुन्हा विरळ झाले. पक्षी कोणते पतंग टिपतात हे पाहणाऱ्या केटलवेलच्या 1950 च्या दशकातल्या प्रयोगांवर पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. मायकेल मेजरसने केंब्रिजला 2001 ते 2007 या काळात 4864 पतंग सोडून तेच काम जास्त काळजीने पुन्हा केलं आणि पक्षीच हा फरक घडवतात हे दिसलं. पाटीवर शंका आणि उत्तर दोन्ही लिहिलंय.

कापड उलट फिरवण्याचं आणखी एक खरं उदाहरण इथल्या मुलांच्या पायाला ओळखीचं आहे. गॅलापॅगसमधल्या डॅफ्ने बेटावर 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या. सराट्याच्या जातकुळीतलं कडक काटेरी फळ फोडू शकणाऱ्या जाड चोचीच्या फिंच पक्ष्यांनी तग धरला आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने जाड झाल्या. 1983 च्या धो-धो पावसानंतर बारीक बिया मुबलक झाल्या आणि निवड उलट्या दिशेला फिरली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी हे वर्षानुवर्षं चोची मोजून दाखवलं. लॅमार्कच्या शिडीला उलटं उतरणं माहीत नाही.

6 फेब्रुवारी

डोळे बांधून. हे टेबल आधीच घ्यायला हवं होतं, कारण याच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. मण्यांचाच खेळ, पण पक्ष्यांच्या डोळ्यांवर रुमाल. काळ्यांचं प्रमाण इकडेतिकडे हलतं, दिशा मात्र नाही. काही वेळा चारही काळ्या पहिल्याच फेरीत गेल्या आणि काळा मणी कायमचा संपला.

डोळे उघडे असतानाही एकच काळी टिकली ठेवली तर ती कधीकधी चुकून उचलली जाते. हॅल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने 1927 मध्ये याचं गणित दिलं: नव्या बदलाचा फायदा 1 टक्का असेल तर तो टिकून पसरण्याची शक्यता साधारण 2 टक्के. चांगला बदल म्हणजे हमखास यश नव्हे. हाच हॅल्डेन 1957 मध्ये भारतात आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला, 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. मुलांना हे माहीत नव्हतं.

15 फेब्रुवारी

चित्रकलेच्या गटाने माकडापासून माणसापर्यंतची रांग काढून आणली, सुंदर रंगवलेली. ती लावली नाही, मुलं नाराज झाली. मी त्यांना दोन कापडं दिली, एक काळं, एक फिकट. एकाच डब्यातल्या 84 टिकल्या दोन्हीवर निम्म्या वाटल्या आणि पिढ्या चालवल्या. दोन्हीकडे वेगळं झालं आणि कुणीही कुणाच्या "पुढे" गेलं नाही. मग त्यांनीच नवं चित्र काढलं, फांद्यांचं. डार्विनच्या 1859 च्या पुस्तकात एकच आकृती आहे, तीही फांद्यांची.

28 फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. गर्दीत एक पिढी सात मिनिटांत होत नाही, पंधरा लागतात. मण्यांच्या टेबलावर दुसऱ्या पिढीपासून खेळ सुरू ठेवला आणि आधीची पिढी तक्त्यावर चिकटवून दाखवली, म्हणून निभावलं.

यंत्रमागावर काम करणारे एक पालक मण्यांच्या टेबलापाशी बराच वेळ थांबले. पिशवीत हात घालणाऱ्या मुलीला म्हणाले, "पण काळं व्हायचं हे ठरवतंय कोण, बाळा?" तिने पिशवी त्यांच्या हातात दिली. "काका, तुम्हीच काढा. न बघता." त्यांनी मणी काढले, मग कापडावर पक्षी झाले, मग पुन्हा पिशवी. तिसऱ्या फेरीनंतर म्हणाले, "पिशवीला काय माहीत नाही आणि पाखराला नुसती भूक आहे. तरी होतंय." याहून नेमकं मला धड्यात कुठे सापडलेलं नाही.

4 मार्च

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. एकूण खर्च 760 रुपये, त्यातले 120 वाया गेले (घोटीव कागद, पाऊच, चकचकीत छपाई). टेबलं या क्रमाने लावा: पालथ्या टिकल्या, डोळे बांधून, लॅमार्क, थेट परिणाम, मिश्रण, मणी, दोन कापडं. मिश्रण आणि मणी शेजारीशेजारीच हवेत, मध्ये दुसरं काही नको. वेळ कमी असेल तर हे दोनच करा.

टिकल्या दर छटेच्या किमान 150 पाडा. पेन्सिल फिकट वापरा, गडद लिहिलं तर मागची अक्षरं पक्ष्यांना दिसतात. मणी प्रत्येक रंगाचे 170 लागतात, आमचे काळे 9 हरवले. पुढच्या वर्षी पिशवीऐवजी झाकणाचा डबा घेणार आहे.